लोखंडाचा वास लोखंडाचा नसतो

(दृश्य : लोखंडी कठड्यावरून सरकणारा हात. तोच हात नाकाजवळ.)

जिन्याचा लोखंडी कठडा, व्यायामशाळेतले डंबेल्स, गंजका कडी-कोयंडा. घामट हाताने धरले की तळव्याला एक आंबूस, ओळखीचा वास चिकटतो. सगळे त्याला लोखंडाचा वास म्हणतात. पण त्या वासात लोखंड नसतंच.

एखाद्या पदार्थाचा वास यायला त्याचे रेणू हवेत उडून नाकापर्यंत पोचावे लागतात. लोखंड वितळायलाच सुमारे १५३८ अंश सेल्सिअस लागतात. घरातल्या तापमानाला त्याचे अणू जागचे हलत नाहीत म्हटलं तरी चालेल.

मग वास कुणाचा? व्हर्जिनिया टेक विद्यापीठातले डिटमार ग्लिंडेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली हा माग काढला. घामात लोखंड किंचित विरघळतं आणि त्याचे फेरस आयन, म्हणजे विद्युतभार असलेले लोखंडाचे अणू, तयार होतात. कातडीवरच्या तेलकट थरात हवेमुळे बनलेली पेरॉक्साइडं असतात, हे आयन त्यांना फोडतात. त्यातून अल्डिहाइडं आणि कीटोनं ही उडून जाणारी, वासाची कार्बनी संयुगं सुटतात. त्यांतला म्होरक्या म्हणजे १-ऑक्टेन-३-ओन, आठ कार्बनांचा कीटोन. अळंबीसारखा वास, आणि तो इतका तीव्र की नाकाला अगदी नाममात्र मात्राही पुरते. रक्त कातडीवर चोळल्यावरही असाच वास येतो, कारण रक्तात लोह आहे. थोडक्यात, वास आपल्याच कातडीचा. लोखंड फक्त तो सोडवतं.

(दृश्य : टेबलावर दोन खिळे, काचेची बरणी, चिमटा.)

हे घरी तपासता येतं. साधे लोखंडी खिळे घ्या. जस्त चढवलेले किंवा स्टेनलेसचे नकोत, त्यांतून लोखंड जवळजवळ सुटत नाही. नव्या खिळ्यांना कारखान्यातलं तेल लागलेलं असतं, म्हणून आधी पॉलिश पेपरने घासा, मग बिनवासाच्या साबणाने धुऊन कोरडे करा. इथून पुढे बोट लावायचं नाही, चिमटाच वापरायचा. एक खिळा झाकणाच्या बरणीत दहा मिनिटं ठेवा आणि झाकण उघडून हुंगा. काही येणार नाही. दुसरा खिळा घामट मुठीत पाच मिनिटं दाबून धरा, बाजूला ठेवा आणि तळवा हुंगा.

फसतं ते बहुधा दोन कारणांनी. हात कोरडा असतो, किंवा नुकताच सुगंधी साबणाने धुतलेला असतो. एकदा हुंगून झालं की दोन मिनिटं मोकळ्या हवेत जा, नाक फार लवकर सरावतं.

बिडाची गोष्ट जरा वेगळी. त्यात कार्बन आणि थोडा फॉस्फरस असतो. त्यावर आम्ल पडलं की फॉस्फरसची वायुरूप संयुगं सुटतात आणि लसणासारखा वास येतो. हे घरी करू नका.

लसणाचाच वास कार्बाइडलाही येतो. शुद्ध कॅल्शियम कार्बाइड पाण्यात टाकलं तर ॲसिटिलीन सुटतो आणि त्याचा वास सौम्य असतो. बाजारातल्या खड्यांत मात्र कॅल्शियम फॉस्फाइड मिसळलेलं असतं, त्यातून फॉस्फिन निघतो. आंब्याच्या अढीत कार्बाइडच्या पुड्या टाकल्या की उग्र दर्प येतो तो याचा. फळं पिकवायला कार्बाइड वापरण्यावर भारतात बंदी आहे.

(दृश्य : कल्हईवाला, भट्टी, पांढरा धूर.)

तापल्या पातेल्यातून पांढरा धूर उठतो आणि नाकात झणझणतं. तो वास कथलाचा नव्हे, नवसागराचा. तापल्यावर तो अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइडमध्ये फुटतो, भांड्यावरचा ऑक्साइडचा थर खातो, आणि मगच कथील नीट पसरतं.

मग धातूच्या कुठल्याच संयुगाला स्वतःचा वास नाही का? आहे. ऑस्मियम टेट्रॉक्साइड साधारण ४० अंशांना वितळतं आणि १३० अंशांना उकळतं. ऑस्मियमची बारीक पूड नुसती हवेत ठेवली तरी ते हळूहळू बनत राहतं, आणि त्याचा तिखट वास येतो. वास आला म्हणजे डोळ्यांना आणि फुप्फुसांना इजा व्हायला सुरुवात झालेली असू शकते. निकेल कार्बोनिल तर ४३ अंशांना उकळतं. तेही जबर विषारी.

(दृश्य : फुटलेला थर्मामीटर, फरशीवर चकचकीत थेंब.)

आणि हा उलटा प्रकार. पारा हा धातू खोलीच्या तापमानालाही उडतो. २० अंशांना बंद खोलीतली हवा त्याने पूर्ण भरली, तर घनमीटरमागे सुमारे १३ मिलिग्रॅम पारा मावतो. कामाच्या जागी ०.०२५ मिलिग्रॅम ही मर्यादा बऱ्याच ठिकाणी धरतात. म्हणजे पाचशेपटीहून जास्त, आणि वास शून्य.

थर्मामीटर फुटला तर लहान मुलांना बाहेर काढा आणि खिडक्या उघडा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, थेंब बारीक होऊन जास्त उडतात. जाड पुठ्ठ्याने थेंब एकत्र आणा, उरलेले चिकटपट्टीने टिपा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. बरणी कचऱ्यात नाही, घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या.