आक्काची खाणावळ

(पडद्यावर: लालबागमधल्या चाळीचा लाकडी जिना, मग एका खोलीचं दार)

गिरणगावात दिवस तीनदा उजाडायचा. पहिली पाळी सकाळी सातची, दुसरी दुपारी साडेतीनची, तिसरी रात्री बाराची. भोंगा झाला की एक पाळी आत, एक बाहेर. बाहेर पडणाऱ्याला आधी जेवण लागायचं. बायकामुलं गावाला, कुणाची साताऱ्याकडे, कुणाची कोकणात. एकेका गाळ्यात पाळीपाळीनं झोपणारी पंधरा-वीस माणसं. त्यांनी चूल मांडायची कुठं?

ती आमच्या आज्जीच्या खोलीत होती.

आज्जी पाटणकडच्या डोंगरातली. आजोबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, तेही बदली. बदलीवाल्याला आज काम मिळेल, उद्याचं सांगता येत नाही. म्हणून तिनं मेंबर घेतले. खाणावळीत जेवणाऱ्याला मेंबरच म्हणत. दोन वेळचं जेवण, पैसे पगाराला. चौदा-पंधरा मेंबर, बहुतेक आमच्याच भागातले, आणि ती सगळ्यांची आक्का.

हरिपाठ खरा संध्याकाळचा. तिची संध्याकाळ कणीक मळण्यात जायची, म्हणून ती तो पहाटे म्हणायची, भाकरी थापता थापता. मध्येच कुणी जिन्यावरून हाक मारली तर "आरं, डबा घिऊन जा" म्हणून पुन्हा त्याच चरणावर.

(पडद्यावर: तुळशीची माळ, जवळून)

गळ्यात ही माळ. माळकऱ्याला मांस-मच्छी वर्ज्य. आणि मेंबर कोण, तर आठ तास उकाड्यात, कापसाच्या तुसात उभे राहणारे गडी. त्यांना आठवड्यात एकदा सुकट-बोंबील लागायचे आणि रविवारी मटण. आज्जीनं दोन्ही रांधलं. बाहेर गॅलरीत वेगळा स्टोव्ह, वेगळा टोप, वेगळी पळी. मीठ बघायला शेजारची काकू. रस्सा झाला की आंघोळ, मगच देवाजवळ. चाळीतल्या एका बुवांनी एकदा टोकलं, माळ घालून मटण शिजवतेस? ती म्हणाली, "माळ माज्या गळ्यात हाय बुवा, त्येंच्या न्हवं."

घरात हे वाक्य अजून चालतं. कुठल्याही भांडणात.

आषाढीला पंढरपूर म्हणजे पंधरा माणसांची चूल बंद. त्यामुळे ती वडाळ्याला जायची. तिथल्या विठ्ठल मंदिराला मुंबईकर प्रतिपंढरपूर म्हणतात. दुसऱ्या पाळीचे मेंबर रात्री बाराला सुटून जेवायचे, भांडी व्हायची, मग ही चालत निघायची. निर्जळी उपास. दर्शन घेऊन पहाटे परत, कारण सातच्या पाळीचे डबे भरायचे असत.

(पडद्यावर: बंद गिरणीची चिमणी)

१९७४ साली गिरण्यांचा संप झाला होता, ४२ दिवसांचा. तेव्हाही खाणावळवाल्या बायकांनी उधारीवर जेवू घातलं आणि स्वतः वाण्याच्या, सावकाराच्या देण्यात बुडाल्या. हे जवळून पाहिलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेच्या दारात नेलं. सावकाराऐवजी बँकेचं कर्ज, ही त्या काळी फार मोठी गोष्ट होती.

म्हणून १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तेव्हा सगळ्यांचा अंदाज जुन्या अनुभवाचा होता. महिना-दीड महिना, मग भोंगा. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर होते. आज्जीनं एकाही मेंबरला उठवलं नाही. आधी मटण बंद झालं, मग मासळी. चपाती गेली, भाकरी राहिली. आमटी पातळ होत गेली. उन्हाळ्यात तिच्या पाटल्या सराफाकडे गेल्या, त्या परत आल्या नाहीत. पावसाच्या तोंडावर मेंबर एकेक करून गावाकडे पेरणीला निघाले. संप मागे घेतल्याचं अधिकृतपणे कधी जाहीरच झालं नाही.

तिला लिहिता येत नव्हतं. उधारी असायची चुलीमागच्या भिंतीवर, कोळशाच्या रेघांत, प्रत्येकाची जागा ठरलेली. पुढच्या दिवाळीला तिनं त्या भिंतीला चुना काढला.

आम्ही नातवंडं हे फार अभिमानानं सांगतो. आत्या हसते. म्हणते, "औदार्य कसलं? वसूल कुणाकडनं करायचं होतं?" आत्यानं त्या वर्षी शाळा सोडली, त्यामुळे तिला हे म्हणायचा अधिकार आहे. पण मी विचारतो, रेघा पुसण्याआधी आजोबांकडून कागदावर उतरवून घेता आल्या असत्या. का नाही घेतल्या? यावर आत्या गप्प बसते, किंवा चहा टाकायला उठते.

काही जणांनी फेडलं. पैशानं फार थोड्यांनी. एक मेंबर मात्र कितीतरी वर्षं गावाकडून येणाऱ्या माणसाच्या हाती घेवडा पाठवायचा.

(पडद्यावर: लोणंदजवळ पालखीचा रस्ता)

मेंबर संपल्यावर आज्जी पहिल्यांदा वारीला गेली. लोणंदला नात्यातल्या एका दिंडीत सामील झाली. आम्हाला वाटलं, आता तरी ही नुसती चालेल, टाळ वाजवेल. दोन मुक्कामांत ती स्वयंपाकाच्या ट्रकपाशी, पदर खोचून, भाकऱ्यांच्या परातीसमोर.

परत आल्यावर आम्ही विचारलं, पांडुरंगाशी काय बोललीस?

"बोलतीय कशाची, पायाला हात लावू देत्यात न्हाई तवर म्होरं ढकलत्यात. पर आमटी लई पाणचट करत्यात रं दिंडीवालं. सांगून आलीया, पुढल्या साली डाळ म्या शिजवणार."

पुढल्या साली तिनंच शिजवली.