गर्दी चांगली होती

नमस्कार, श्रोते हो.

पहाटे अडीचला मुंबईहून पुण्याला परतलो. दार उघडता उघडता बायकोनं विचारलं, "कसा झाला कार्यक्रम?" मी बूट काढत म्हटलं, "गर्दी चांगली होती." तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि पुढे काही विचारलं नाही.

कोणाचा कार्यक्रम, ते मी आज सांगणार नाही. रॉक संगीतातलं मोठं नाव आहे, वय सत्तरीपुढचं आहे, एवढं पुरे. कॉलेजात असताना काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून त्याची पहिली कॅसेट आणली आणि परतीच्या गाडीभाड्याला मित्राकडे हात पसरावा लागला. ती कॅसेट मी इतकी वाजवली, की रीळ दोनदा बाहेर आलं आणि दोन्ही वेळा पेन्सिल घालून मी ते पुन्हा गुंडाळलं. अशा माणसाचं नाव घेऊन तक्रार करायला जीभ रेटत नाही.

सोबत माझा मुलगा होता, सतरा वर्षांचा. गिटार शिकतो. लहानपणापासून माझ्या तोंडून या माणसाच्या कथा ऐकत आलेला. तिकिटं काढताना मी हात आखडता घेतला नाही. उभं राहायचं, पण रंगमंचाच्या अगदी जवळ. उन्हात दोन तास रांगेत काढले. पहिला दिवा लागला, तो आला, आणि माझ्या अंगावर काटा आला, हे खरंच. तो काटा साधारण दीड गाणं टिकला.

दुसऱ्या गाण्यात वरचा सूर जवळ आला आणि त्यानं माइक आमच्याकडे फिरवला. हजारो माणसं तो सूर ओरडली. मीही ओरडलो. तिसऱ्या गाण्यात पुन्हा तेच. मग मला मोजायची वाईट सवय लागली. जिथे जिथे गळा चढायला हवा, तिथे तिथे माइक आमच्या तोंडासमोर. पाचव्या गाण्यापर्यंत नऊ वेळा. पैसे आम्ही दिले होते आणि गाणंही आम्हीच गात होतो.

यात त्याच्या गळ्याचा दोष मी धरत नाही. स्वरतंतू म्हणजे गळ्यातल्या स्नायूच्या दोन घड्या. वय होतं तसा तो स्नायू बारीक होतो, त्याची लवचीकता जाते, घड्या पूर्वीसारख्या घट्ट मिटत नाहीत आणि मधून हवा निसटत राहते. म्हाताऱ्या आवाजात तो जो फुसफुसता श्वास ऐकू येतो ना, तो हाच. त्यात रॉकचं गाणं म्हणजे चाळीस-पन्नास वर्षं विजेच्या गिटारींवर मात करत ओरडणं. वरचे सूर आधी जाणार, हे ठरलेलंच. त्यावर आपल्याकडच्या गवयांचा आणि त्यांच्याकडच्या बँडचा उपाय एकच आहे: पट्टी उतरवायची, म्हणजे गाणं खालच्या सुरात घ्यायचं. या बँडनंही उतरवली होती. माझ्या मुलानं ते लगेच ओळखलं. गिटारवाल्याची बोटं ई कॉर्डवर आणि फोनवरचा ट्यूनर डी दाखवतोय! म्हणजे सगळ्या तारा दोन घरं सैल. आपल्या पेटीच्या भाषेत, मूळ गाणं पांढरी तीनमधलं आणि वाजत होतं पांढरी दोनमध्ये. त्यात गैर काहीच नाही.

खुपलं ते वेगळंच. एका संथ गाण्यात त्यानं पाण्याची बाटली उचलली, माइक तोंडापासून वीतभर लांब गेला, आणि आवाज मात्र तसाच, ठणठणीत, तरुण. (रेडिओवर हे दाखवता येत नाही हो, नाहीतर दाखवलं असतं.) मागे टेप चालू होती. पडद्यावर त्याचंच चाळीस वर्षांपूर्वीचं चित्रण दाखवत होते, केस कमरेपर्यंत. त्या पडद्याखाली हा उभा, पायाशी ठेवलेल्या काचेवर शब्द वाचत. शहराचं नावसुद्धा त्यानं खाली बघून घेतलं. मधे एक विनोद केला, आम्ही मनापासून हसलो. दुसऱ्या दिवशी मुलानं फोनवर दाखवलं, आधीच्या गावातही तोच विनोद, तेवढाच थांबा घेऊन.

मुलगा तिथे काही बोलला नाही. एकदाच माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बाबा, हा नेहमी असाच गायचा?" मी म्हटलं, "आज आवाज बसलाय." तो मुकाट्यानं पुढे बघायला लागला. माझी लाज राखली पोरानं.

वाईट कार्यक्रम थोरामोठ्यांचेही होतात. लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडचं उदाहरण जगाला माहीत आहे. त्यांचा ढोलकरी जॉन बॉनम 1980 साली गेला आणि बँड मोडला. 13 जुलै 1985 ला, इथिओपियातल्या दुष्काळासाठी लंडन आणि फिलाडेल्फियात एकाच दिवशी झालेल्या लाइव्ह एड या मदत-कार्यक्रमात, बाकीचे तिघे फिलाडेल्फियाच्या जेएफके स्टेडियमवर पुन्हा एकत्र उभे राहिले. ड्रमवर दोन पाहुणे. त्यातला फिल कॉलिन्स त्याच दिवशी लंडनमध्ये गाऊन कॉन्कॉर्ड विमानानं अटलांटिक ओलांडून आलेला! तालीम जेमतेम. जिमी पेजची गिटार बेसूर, रॉबर्ट प्लांटचा घसा बसलेला. पुढे 2004 मध्ये त्या दिवसाच्या डीव्हीडी निघाल्या, तेव्हा त्यांनी आपला भाग त्यात घालू दिला नाही. वाईट झालं, हे त्यांना आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. मला हे आवडतं. (हेच पेज आणि प्लांट 1972 मध्ये मुंबईला आले होते आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबात वाजवून गेले. तिथे त्या रात्री जे बसले असतील, त्यांचा मला आजही हेवा वाटतो.)

मग 10 डिसेंबर 2007. लंडनचं ओ टू सभागृह, अटलांटिक रेकॉर्ड्सचे संस्थापक अहमत अर्टेगन यांच्या स्मरणार्थ एकच कार्यक्रम. प्लांट एकोणसाठ वर्षांचा, पेज त्रेसष्टचा, ड्रमवर बॉनमचा मुलगा जेसन. या वेळी तालमी भरपूर केलेल्या. आणि काही गाणी पट्टी उतरवून, अगदी उघडपणे. प्लांटनं जुन्या किंकाळ्या जिथे झेपत नव्हत्या तिथे सोडून दिल्या आणि गाणं खालच्या अंगानं फिरवलं. ऐकताना कुठेही वाटत नाही, की हा माणूस आपल्यापासून काही लपवतोय.

परवाचंच घ्या. 5 जुलै 2025 ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर हेवी मेटलचा जुना गायक ऑझी ऑस्बॉर्न गायला, शहात्तराव्या वर्षी, पार्किन्सननं पाय उभे राहू देत नव्हते म्हणून काळ्या सिंहासनावर बसून. सूर हलत होते. पण जे हलत होते ते त्याचे स्वतःचे होते. 22 जुलैला तो गेलाच.

माझे आजोबा सांगलीचे. संगीत नाटकांचं भयंकर वेड. तरुणपणी ज्या गायकनटासाठी त्यांनी घड्याळ गहाण टाकलं होतं, तो उतारवयात पुन्हा गावात आला तेव्हा आजोबा पुढची खुर्ची धरून बसले. आजी सांगायची, रात्री दोनला परत आले, फेटा खुंटीला लावला, आणि "कसं झालं?" म्हणून विचारलं तर म्हणाले, "गर्दी चांगली होती." त्या नटाचं नाव मी त्यांना कितीदा विचारलं असेल. कधी सांगितलं नाही. फक्त एवढंच सांगायचे, की ताना ऑर्गनवाला भरून काढत होता आणि थिएटर वन्समोअर देत होतं, तेही गाणं संपायच्या आधी, म्हणजे त्याला दम घ्यायला वेळ मिळेल. मला हा किस्सा लहानपणी विनोदी वाटायचा.

आमच्या मैदानातही शेवटी वन्समोअर झालाच म्हणा. तो परत आला, सगळ्यांत गाजलेलं गाणं लावलं (गायलं म्हणवत नाही), हात हलवला, आणि दिवे लागले. बाहेर पडताना माझ्याच वयाचे लोक एकमेकांना सांगत होते, "काय एनर्जी आहे या वयात!" मीही मान हलवली.

रविवारी दुपारी मुलगा म्हणाला, "तुझी ती कॅसेट आहे का अजून? खरा कसा गायचा ते ऐकव ना." माळ्यावरून टू-इन-वन काढला, धूळ पुसली. चालला! बटण दाबलं, जरा खरखर झाली आणि तो आवाज आला. मी डोळे मिटून घेतले. हाच तो. हाच आवाज मी चाळीस वर्षं डोक्यात घेऊन फिरतोय आणि परवा मैदानात हाच शोधत होतो.

डोळे उघडले तर मुलगा गिटार मांडीवर घेऊन तारा जुळवतोय आणि कपाळाला आठी. त्यानं फोनवर मूळ रेकॉर्डिंग लावलं, बंद केलं, परत टेप लावली, पुन्हा ट्यूनर बघितला.

"बाबा, तुझी टेप हळू चालते."

"म्हणजे?"

"मूळ गाणं ई मध्ये आहे. हे ई फ्लॅट आहे. आतला रबरी पट्टा सैल झाला असेल. कधीपासून असं आहे?"

मी आठवून पाहिलं. हा टू-इन-वन आम्ही घेतला तेव्हाच जुना होता, शेजाऱ्यांनी वापरून विकलेला. कॅसेट पहिल्यांदा वाजली ती याच्यावर, आणि नंतरही कायम याच्यावरच.

"पहिल्यापासून," मी म्हटलं.

मुलानं एका घरानं तारा सैल केल्या आणि टेपबरोबर वाजवायला लागला. काळी दोन.