केसाळ मुळांची ठेंगणी लेक

[दृश्य : खिडकीतली पानफुटी. पानाच्या कडेला फुटलेली इवली रोपं.]

पानफुटी आपल्या ओळखीची. पान वहीत दाबून ठेवावं, आणि काही दिवसांनी त्याच्या खाचाखाचांतून रोपं डोकावावीत. नर्सरीत लाल-पिवळ्या फुलांचे गच्च तुरे घेऊन बसलेली कलांचो ही तिच्याच भावकीतली. दोघींचं माहेर मादागास्कर. १९३२मध्ये पॉट्सडॅमच्या रॉबर्ट ब्लॉसफेल्ड या बियाणे व्यापाऱ्यानं ही फुलवाली बहीण युरोपच्या बाजारात आणली. तिच्या शास्त्रीय नावात ब्लॉसफेल्डियाना आहे ते त्यामुळेच.

[दृश्य : डेन्मार्कमधलं काचघर. ओळीनं कुंड्या. वर काळा पडदा सरकतो आहे.]

हा पडदा तिला लांब रात्रीचा भास करून देतो, तेव्हा कुठे ती फुलावर येते. पण उंचीला पडदा पुरत नाही. मोकळं सोडलं तर देठ लांबतात, वाकतात, खोक्यात मावत नाहीत. म्हणून वाढ रोखणारा फवारा.

पेरांमधलं अंतर वाढवतं ते जिबरेलिन हे संप्रेरक. द्राक्षबागायतदाराला ते नव्यानं सांगायला नको. मणी फुगवायला तो घड ‘जीए’च्या, म्हणजे जिबरेलिनच्याच, द्रावणात बुडवतो, आणि खरडछाटणीनंतर फुटीचा जोर आवरायला सीसीसी हे जिबरेलिन रोखणारं रसायन मारतो. कोकणात हापूसच्या आळ्यात पॅक्लोब्युट्राझोल पडतं, तेही जिबरेलिन बनू न देणारंच. कलांचोवर याच कामाचं डॅमिनोझाइड मारतात. कर्करोगाच्या शंकेवरून हेच रसायन १९८९मध्ये अमेरिकेत सफरचंदावरून उठलं. शोभेच्या झाडांवर राहिलं, कारण ती कुणी खात नाही. पण काचघरात ती कुणीतरी रोज हातानं उचलतं, लावतं, भरतं.

[दृश्य : हातमोजे घातलेले हात. कुंड्या खोक्यात जातात. आवाज फक्त काचघराचा.]

[दृश्य : पेट्री डिश. पानाचे तुकडे.]

कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी फवाऱ्याला पर्याय शोधला तो मातीत. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम रायझोजीन्स हा मातीतला जिवाणू. झाडाला जखम झाली की तिथून तो आपल्या डीएनएचा एक तुकडा पेशीत सोडतो. त्या तुकड्यावर ‘रोल’ नावाची जनुकं असतात. ती पेशीतला संप्रेरकांचा तोल फिरवतात आणि जखमेतून मुळांचा जुडगाच फुटतो. जिवाणूचा यात स्वार्थ आहे : ही मुळं त्याला लागणारा खाऊ तयार करून देतात.

आता नीट बघा. पानाचे तुकडे जिवाणूच्या द्रावणातून काढले. मग प्रतिजैविकानं जिवाणू मारला, कारण त्याचं काम झालेलं आहे. खालच्या माध्यमात मुळं फुटण्यासाठी कुठलंही संप्रेरक घातलेलं नाही. आणि तरीही…

[दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली पांढरी, केसाळ मुळं. ८ सेकंद निवेदन नाही.]

ही मुळं कापून दुसऱ्या डिशमध्ये ठेवतात. तिथे मात्र सायटोकायनिन हे संप्रेरक असतं, कोंब फुटावा म्हणून. मुळातून हिरवा ठिपका वर येतो, त्याचं रोप होतं. एका पेशीत शिरलेलं जनुक आता रोपाच्या प्रत्येक पेशीत असतं.

[दृश्य : दोन कुंड्या शेजारी शेजारी. मागे मोजपट्टी.]

डावीकडे नेहमीची. उजवीकडे मुळातून जन्मलेली : पेरं आखूड, फांद्या दाट, पानं किंचित सुरकुतलेली. बुटकेपणा हिच्या अंगातच आहे. २००८मध्ये हे काम शोधनिबंधातून पुढे आलं.

याच विद्यापीठात २०१०मध्ये दुसरी वाटही चालून पाहिली. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या तणाचं, पेरं आखूड करणारं एक जनुक प्रयोगशाळेत जोडून कलांचोत घातलं. झाडं तीही ठेंगणी झाली. पण युरोपच्या कायद्यात ती जनुकबदल केलेली ठरतात. रोलची रोपं संशोधक त्या कायद्याबाहेर धरतात, कारण जिवाणू जसाच्या तसा वापरलेला आहे. माणसानं डीएनए कापला-जोडला नाही.

[दृश्य : बाजारातली रताळी. तराजू.]

आणि निसर्ग हे कधीपासून करत आलाय, त्याचा पुरावा आपल्या उपवासाच्या ताटात आहे. २०१५मध्ये लागवडीतल्या रताळ्यांचे २९१ नमुने तपासले. एकूण एक नमुन्यात अ‍ॅग्रोबॅक्टेरियमचा डीएनए सापडला. म्हणजे एकादशीला आपण जे उकडून खातो, ते अशाच एका जुन्या जखमेतून आलेलं आहे. मला कलांचोपेक्षाही हे जास्त थक्क करतं.

काही रोल रोपं उशिरा फुलतात, काहींची फुलं लहान येतात. म्हणून त्यांचा नेहमीच्या वाणांशी संकर करावा लागतो.

[दृश्य : बारीक कुंचल्यानं परागकण एका फुलावरून दुसऱ्यावर. मग ट्रेमधली बोटभर रोपं.]

ही त्या संकराची रोपं. काहींच्या पानांना आत्ताच सुरकुती आहे, काहींच्या नाही. सुरकुतीवाली डावीकडच्या ट्रेमध्ये जातात.