थाई स्वयंपाक: मिरचीच्या आधीपासून

श्रोतेहो, नमस्कार.

थाई जेवण म्हटलं की आपल्याला आठवते जिभेला झोंबणारी मिरची. पण ही मिरची त्या देशात पाहुणी म्हणून आली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, १५११ मध्ये मलाक्का, आणि त्याच वर्षी त्यांचा दूत अयुथ्थयाच्या, म्हणजे सयामच्या तेव्हाच्या राजधानीच्या, दरबारी पोहोचला. आपल्याकडे ज्यांच्या गलबतांतून मिरची उतरली, त्यांच्याच व्यापारातून ती सयामात, म्हणजे आजच्या थायलंडात, गेली. त्याआधी तिथला तिखटपणा मिरी, पिंपळी, आलं आणि आल्याच्याच जातकुळीतल्या कुलिंजनाचा होता.

मग मूळचं काय? सुखोथई इथला, १२९२ चा मानला जाणारा राजा रामखम्हेंगचा शिलालेख सांगतो, की या राज्यात पाण्यात मासे आहेत आणि शेतात भात आहे. मला तर थाई स्वयंपाकाचा सगळा पाया या एका ओळीत दिसतो. नद्या आणि कालव्यांचा मुलूख, हंगामात मासळी उदंड. ती वर्षभर पुरवायची तर मिठात मुरवायला हवी. मांदेलीच्या जातकुळीतले छोटे मासे मिठात वर्षभर मुरले की जो पातळ, तांबूस रस निघतो, तो ‘नाम प्ला’. पदार्थाला खारटपणा बहुतेक वेळा त्याचाच असतो. कोकणात आपण जवळा सुकवून ठेवतो. तिथे तो मीठ घालून, वाळवून, कुटून मुरवतात, त्याला ‘कापी’ म्हणतात. वास उग्र, पण तो नसेल तर करी पोकळ लागते.

करीचा जीव असतो वाटणात. दगडी खलबत्त्यात आधी सुक्या मिरच्या आणि मीठ, मग गवती चहाचा कोवळा बुंधा, कुलिंजन, मकरूत या खडबडीत, सुवासिक लिंबाची साल, कोथिंबिरीची मुळं, लसूण, छोटे कांदे आणि शेवटी कापी. चिवट जिन्नस आधी, ओले नंतर. कोथिंबिरीची मुळं आपण सर्रास कापून टाकतो; तिथे त्यांच्यावाचून वाटण होत नाही. आपण ती एकदा वापरून बघायलाच हवीत. मग नारळाचं घट्ट दूध तेल सुटेपर्यंत आटवायचं आणि त्या तेलात वाटण परतायचं. नंतर नाम प्ला, ताडगूळ, कधी चिंचेचा कोळ. आणि दर वेळी चव घेत जायचं. लिंबं कमी-जास्त आंबट असतात, मिरच्या कमी-जास्त तिखट, म्हणून मोजमापापेक्षा जिभेवर भरवसा ठेवावा लागतो. थाई स्वयंपाकिणीचं कौशल्य मी इथेच मानतो.

बाहेरून आलेलं या स्वयंपाकाने मोकळेपणाने घेतलं. लवंग, वेलची, दालचिनी घातलेली मस्समन करी मुसलमान व्यापाऱ्यांच्या वाटेने आली. पुढे दुसरा राम म्हणून गादीवर आलेल्या राजाने आपल्या काव्यात तिची स्तुती केली आहे. अंड्याच्या पिवळ्या बलकाच्या सोनेरी मिठाया सतराव्या शतकातल्या मारिया गुयोमार द पिन्या या बाईच्या नावाशी जोडल्या जातात. या मिठायांचं मूळ पोर्तुगीज. कढई आणि नूडल्स चिन्यांच्या. प्रसिद्ध पाड थाई तर १९३० आणि ४० च्या दशकांतल्या राष्ट्रवादाच्या लाटेत पंतप्रधान फिबुनसोंगख्राम यांच्या सरकारने रुजवला. आणि आपल्या अंगणातल्या वृंदावनातली तुळस? तीही तिथल्या ‘क्रापाव’ या झणझणीत परतलेल्या पदार्थात पडते, मूठभर, अगदी शेवटी.

ईशान्येकडच्या ईसान भागाची तऱ्हा वेगळी. तिथे नारळ कमी. वाफवलेल्या चिकट भाताचा गोळा बोटांनी वळायचा आणि कच्च्या पपईच्या ‘सोम तम’ला लावून खायचा. हा पदार्थ मातीच्या खलात लाकडी मुसळीने हलकेच ठेचतात, म्हणजे पपईचा लगदा होत नाही. बँकॉकच्या बाजूला मात्र मोकळा सुवासिक भात, मधोमध दोन-तीन सामायिक पदार्थ, आणि चमच्याने जेवायचं. काटा फक्त घास चमच्यावर लोटायला. काड्या नूडल्सपुरत्या. एक तिखट, एक सौम्य, एक आंबट पातळ सार असं ताट जमतं. त्या सारांपैकी कोळंबीचं ‘तोम याम कुंग’ डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं.

नमस्कार.