उतारवयातील हृदयविकाराचा झटका आणि सोबतचे आजार

श्रोतेहो, नमस्कार. हृदयविकाराच्या झटक्यात छातीत जोराची कळ येते, डावा हात भरून येतो आणि दरदरून घाम सुटतो, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. मात्र पंचाहत्तरी ओलांडलेल्या, आणि त्यातही पंधरा-वीस वर्षांचा मधुमेह असलेल्या माणसाला ही कळ येईलच असे नाही. मधुमेहाने नसा बधिर झालेल्या असल्यामुळे दुखणे जाणवत नाही. एकाएकी दम लागतो, अंगातले त्राण जाते, मळमळते, चक्कर येते, किंवा कालपर्यंत नीट बोलणारी आजी असंबद्ध बोलू लागते. घरचे म्हणतात, पित्त झाले असेल, ऊन लागले असेल, रात्रीचे भरीत बाधले असेल. ओवा-सोडा देऊन पाहण्यात रात्र निघून जाते. म्हणून माझी पहिली विनंती अशी की मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या वृद्धाला अचानक दम लागला किंवा कारण नसताना घाम फुटला, तर पित्ताचा विचार नंतर करावा आणि आधी ईसीजी काढून घ्यावा. रुग्ण दवाखान्यात पोहोचल्यापासून १० मिनिटांच्या आत तो निघावा, अशी वैद्यकशास्त्राची अपेक्षा आहे.

हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने पूर्ण बंद झाल्याचे ईसीजीत दिसले, तर ती अँजिओप्लास्टीने, म्हणजे बारीक नळीतून फुगा नेऊन, उघडणे हा उत्तम उपाय होय; परंतु निदानानंतर १२० मिनिटांच्या आत ती होण्याजोगी असली पाहिजे. जळगाव किंवा धुळे शहरात राहणाऱ्याला ते जमू शकते. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातील पाड्यावरून घाट उतरून येणाऱ्याला बहुधा जमत नाही. अशा वेळी जवळच्या रुग्णालयातच गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यावे आणि मग रुग्णाला पुढे पाठवावे, हा मार्ग खान्देशासारख्या लांब अंतरांच्या मुलखासाठी मी अधिक व्यवहार्य मानतो. या इंजेक्शनाचा मोठा धोका मेंदूत रक्तस्राव होण्याचा, आणि तो वयाबरोबर वाढतो. म्हणूनच ७५ वर्षांपुढील रुग्णांना टेनेक्टेप्लेस या औषधाची निम्मी मात्रा देण्याचा प्रघात आहे. पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेला असेल तर ते देतच नाहीत, आणि अलीकडे पक्षाघात होऊन गेला असेल तरीही टाळतात. ही माहिती डॉक्टरांना पहिल्या पाच मिनिटांत मिळायला हवी, आणि ती देणारे सोबत आलेले नातेवाईकच असतात.

येथे अडचण येते ती गोळ्यांच्या पिशवीची. औषधाच्या दुकानातली पातळ पिशवी, तीत कापून घेतलेल्या अर्ध्या पट्ट्या, नाव छापलेला कोपरा नेमका कापून गेलेला, आणि त्यातच गुडघ्यांसाठी गावातून आणलेल्या दोन वेदनाशामक गोळ्या. यांतील एखादी गोळी रक्त पातळ करणारी असू शकते, आणि ती माहीत नसताना पुन्हा तशीच औषधे दिली तर रक्तस्राव ओढवतो. वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडालाही आणि हृदयालाही जड जातात. आपल्याकडे त्या फार सहज घेतल्या जातात, हे मी मुद्दाम सांगतो. म्हणून घरातील वृद्धाची औषधे पूर्ण पट्टीसह एका डब्यात ठेवावीत आणि शेवटचा क्रिएटिनिनचा अहवालही त्यातच असावा.

क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारी रक्ततपासणी. अंगाने काटकुळ्या, चाळीस किलो वजनाच्या आजीचे क्रिएटिनिन कागदावर ठीक दिसले, तरी तिच्या मूत्रपिंडाची ताकद निम्मी उरलेली असू शकते, कारण स्नायूच कमी असतात. अँजिओग्राफीसाठी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे चित्र घेण्यासाठी, वापरले जाणारे रंगद्रव्य मूत्रपिंडावर ताण आणते, रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनांची मात्रा वजनावर आणि मूत्रपिंडावर ठरते, आणि ट्रोपोनिन ही झटक्याची तपासणीही मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात आधीपासूनच वाढलेली सापडते. त्यामुळे ती काही तासांनी पुन्हा करून आकडा चढतो आहे का, हे पाहावे लागते. मांडीऐवजी मनगटातून अँजिओग्राफी केल्यास रक्तस्राव कमी होतो, वृद्धांच्या बाबतीत तर विशेष. जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो त्या दिवसांत लघवीच्या गोळ्या घेणारा रुग्ण अंगातले पाणी आटूनच येतो. तेव्हा तो किती पाणी पितो आणि लघवी किती होते, हेही डॉक्टरांना सांगावे.

वाहिनी पूर्ण बंद नसेल, म्हणजे झटका तुलनेने सौम्य प्रकारचा असेल, तर प्रत्येक वृद्धाची अँजिओग्राफी करावी का, हा खरा वादाचा प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये ७५ वर्षांपुढील १,५०० हून अधिक रुग्णांवर झालेल्या सीनियर-रिटा अभ्यासाचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. अँजिओग्राफीचा मार्ग धरलेल्यांत पुढचे झटके कमी आले, परंतु हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. यावरून 'वय झाले, आता कशाला' असे म्हणणे मला मान्य नाही. शेतात फिरणारे ऐंशी वर्षांचे आजोबा आणि अंथरुणाला खिळलेले सत्तरीचे गृहस्थ यांचा निर्णय जन्मतारखेवरून करता येत नाही. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्यालाही विचारावे. आपल्याकडे मुले आणि जावई खाटेच्या पायथ्याशी उभे राहून ठरवून टाकतात आणि खाटेवरच्या माणसाचे मत राहून जाते. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची, तसेच ७० वर्षांपुढील नागरिकांसाठी असलेल्या आयुष्मान वय वंदना कार्डाची चौकशी दाखल होतानाच करावी.

घरी परतल्यावर दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सहसा वर्षभर चालतात; रक्तस्रावाचा धोका अधिक असलेल्यांत डॉक्टर ही मुदत कमी करतात. दात काढायचा आहे म्हणून किंवा बरे वाटते म्हणून त्या परस्पर बंद करू नयेत, कारण स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवण्यासाठी आत बसवलेली जाळी, अचानक बंद पडू शकतो. शौचास काळे होत असेल तर तातडीने दाखवावे. रक्तदाबाची आणि हृदयाला आधार देणारी नवी गोळी सुरू झाली असेल, तर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्यावे आणि तो कागद त्याच डब्यात ठेवावा.