दोन मिनिटं काहीच नाही

ही सुई बघा. रेकॉर्डवर टेकलीये, रेकॉर्ड फिरतेय, आणि काहीच वाजत नाहीये. थोडी खरखर, बस. प्लेअर बिघडलेला नाही. हा ट्रॅकच असा आहे, साधारण दोन मिनिटांचा, आणि त्याला नाव पण दिलंय, 'द साउंड ऑफ फ्री स्पीच', म्हणजे मोकळं बोलण्याच्या हक्काचा आवाज.

बँडचं नाव क्रास, पंक बँड. हे जुनं घर, ही बाग, हे डायल हाउस, इंग्लंडमधे एसेक्सला. 1977 मधे बँड इथे जमला. पेनी रिम्बो ड्रमवर, स्टीव्ह इग्नोरंट गायला, आणि ही जी काळी-पांढरी चित्रं दिसतायत ती जी व्हाउचरची, जरा थांबून बघा, कारण अर्धा बँड या चित्रांमधे आहे.

1978 च्या ऑक्टोबरमधे लंडनच्या सदर्न स्टुडिओत पहिली रेकॉर्ड झाली. युद्ध, चर्च, सरकार, कोणालाच सोडलेलं नाही. नाव ठेवलं 'द फीडिंग ऑफ द 5000', येशूने पाच हजार लोकांना जेवू घातलं त्या बायबलमधल्या गोष्टीवरून, पण कारण अगदी साधं होतं, कमीत कमी 5000 कॉपी छापाव्या लागणार होत्या आणि एवढ्या खपतील असं त्यांना स्वतःलाच वाटत नव्हतं.

आता इथे नीट लक्ष द्या. गाणी स्वतः लिहिता येतात, कव्हर स्वतः करता येतं, गिग स्वतः लावता येते, पण रेकॉर्ड छापायला कारखाना लागतो. आधी लॅकरच्या चकतीवर खाच कापतात, तिच्यावर धातू चढवून उलटा साचा काढतात, मग गरम विनाइलचा गोळा दोन साच्यांमधे दाबला की झाली रेकॉर्ड. ही मशीन कोणाच्या घरात नसते. आयर्लंडमधल्या कारखान्यातल्या कामगारांनी पहिला ट्रॅक, 'असायलम', ऐकला आणि हा देवाचा अपमान आहे, आम्ही छापणार नाही म्हणाले. क्रासने त्या जागी दुसरं गाणं टाकलं नाही, जागा तशीच मोकळी ठेवली. मला या अख्ख्या रेकॉर्डमधली सगळ्यात धीट गोष्ट हीच वाटते.

आणि मग त्यांनी स्वतःचं लेबल काढलं, क्रास रेकॉर्ड्स. तेच 'असायलम' नव्याने करून 1979 मधे सिंगल, म्हणजे एक-दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड, म्हणून आणलं, किंमत 45 पेन्स, बाकीच्यांच्या सिंगल साधारण दुप्पट किमतीला जायच्या तेव्हा. हिशोबात व्हॅट धरायचा राहून गेला आणि विकलेल्या प्रत्येक कॉपीमागे तोटा झाला. तरी पुढच्या रेकॉर्ड्सवर पण 'यापेक्षा जास्त देऊ नका' असं छापत राहिले, आपली किंमत दुकानदार वाढवणार नाही याची सोय कव्हरवरच. हे कव्हर उघडतोय बघा, एक घडी, दुसरी घडी, अजून एक, आणि पूर्ण पोस्टर झालं. गोलात फिरणारी ती अक्षरं स्टेन्सिलची. झाउन्ड्स, फ्लक्स ऑफ पिंक इंडियन्स, कॉन्फ्लिक्ट, हे बँड पण याच लेबलवर आले.

पुढे पोलीस घरी येऊन गेले, ब्रिटन-अर्जेंटिनाच्या फॉकलंड युद्धावरच्या सिंगलचा विषय पार्लमेंटपर्यंत गेला, अश्लीलतेची केस झाली, 1984 ला बँड थांबला.

या दोन रेकॉर्ड शेजारी ठेवल्यात. डावीकडची पहिली, मघाशी ऐकलीत ती. उजवीकडची तीच, पण नंतर स्वतःच्या लेबलवर काढलेली. सुई त्याच जागी ठेवतोय, पहिल्या ट्रॅकवर. खरखर, आणि मग एका बाईचा आवाज.