काळजाचा एकटा कामगार

(फोंड्यातील एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

खाटकाकडे काळीज मागितलं तर तो यकृत देतो. पण ‘काळजाला लागलं’ म्हणताना आपला हात जातो छातीवर. बिचाऱ्या यकृताचं श्रेय आपण भाषेतच हृदयाला देऊन टाकलंय, म्हणून आज त्याची वकिली करायला उभा आहे.

गोळी गिळली की ती शरीराबाहेर काढायची तयारी यकृत करतं. हे काम मुख्यतः सायटोक्रोम पी-४५० या एन्झाइमांच्या कुटुंबाचं. पाठ्यपुस्तकात एन्झाइमला विकर म्हणतात, पण मला त्यात विकारच ऐकू येतो. असो. कार्बन मोनॉक्साइड चिकटला की ही मंडळी ४५० नॅनोमीटरचा प्रकाश सर्वांत जास्त शोषतात, म्हणून हे नाव. माणसात या कुटुंबाची ५७ जनुकं आहेत, पण औषधांचा बहुतेक भार पाच-सहा जणांवर. घराघरांतही तेच असतं. पुढच्या रांगेतल्या वहिनी मान हलवताहेत बघा.

त्यातला सर्वांत राबणारा सिप ३ए४. सिप म्हणजे सायटोक्रोम पी-४५०चंच छोटं नाव. कुठल्या औषधाचं तो काय करतो हे प्रयोगशाळेत तपासायला आम्हाला तो एकटा हवा होता. यकृताच्या पेशी बारीक वाटल्या तर अख्खं कुटुंब येतं, आणि कोणी काय केलं ते कळत नाही. म्हणून माणसाचं जनुक एका विषाणूत घालून तो विषाणू अळीच्या पेशींत सोडतात. अळी कुठली? लष्करी अळी! २०१८मध्ये भारतात आली आणि मक्याच्या शेतकऱ्यांना जिने रडवलं, तीच. तिच्या कोषातल्या अंडाशयापासून वाढवलेल्या पेशी माणसाचं एन्झाइम बनवून देतात.

तर असं एन्झाइम मी परदेशातून मागवलं. उणे ८० अंशांत ठेवायचा माल, सुक्या बर्फात बांधलेला. आला, आणि मालतपासणीत अडकला. कुठल्या विमानतळावर ते विचारू नका. फोन आला, “यकृत कोणाचं आहे? दात्याचं संमतिपत्र कुठाय?” म्हटलं, साहेब, यकृत नाही, यकृतातलं एन्झाइम. “म्हणजे यकृतातूनच काढलंय ना?” नाही हो, अळीच्या पेशींत केलंय. झालं! पलीकडे शांतता. मग, “अळी आहे आत? मग कीटकांचा परवाना लागेल.” खरं बोलायची एवढी शिक्षा मला शाळेतसुद्धा झाली नव्हती. दोन दिवस मी माणूस आणि अळी यांच्यामध्ये लटकत होतो. तिसऱ्या दिवशी खोका हातात घेतला तेव्हाच कळलं, कारण तो हलका होता. सुका बर्फ वितळून पाणी होत नाही, तो थेट हवेत जातो. एन्झाइम तपासलं, तर ढिम्म. पैसे गेले ते गेलेच, वर माझ्या विद्यार्थिनीचे तीन महिने गेले.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. पाच मिनिटं? बरं, मग मुद्द्याचं पटकन सांगतो.

एन्झाइममध्ये औषध आणि एनएडीपीएच नावाचं इंधन घालायचं, ३७ अंशांवर ठेवायचं आणि औषध किती वेगानं कमी होतं ते मोजायचं. दुसरं औषध घातल्यावर वेग मंदावला, तर दोन्ही एकत्र देताना जपायला हवं. पण एकटा कामगार काय करू शकतो एवढंच यात दिसतं. खऱ्या यकृतात तो किती आहे, हे माणसागणिक बदलतं. म्हणून नळीतला आकडा थेट रुग्णाला लावायचा नाही, यकृतातल्या प्रमाणाचा हिशेब करूनच लावायचा. उलटही घडतं, एन्झाइम औषध संपवण्याऐवजी ते जागं करतं. स्टेंटनंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात ते क्लोपिडोग्रेल, याच कुटुंबातल्या सिप २सी१९नं बदलल्यावरच काम करतं. ज्यांचं हे एन्झाइम जन्मतः मंद, त्यांना गोळीचा फायदा कमी.

काय म्हणालात? गणपतीच्या वर फळं टांगतात त्या माटोळीचं पपनस? हो, तेच राहिलं. कॅनडातले संशोधक डेव्हिड बेली फेलोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीवर दारूचा परिणाम तपासत होते. दारूची चव लपावी म्हणून त्यांनी ग्रेपफ्रूटचा, म्हणजे पपनसाच्या नात्यातल्या फळाचा, रस वापरला, आणि रक्तातलं औषध भलतंच वाढलेलं दिसलं. १९८९ची गोष्ट. सिप ३ए४ आतड्यातही असतं, आणि या रसातले घटक तिथलं सिप ३ए४ कायमचं निकामी करतात. पपनसातही तसेच घटक असतात. माटोळीला खुशाल बांधा. पण फेलोडिपिनसारखी, सिप ३ए४च्या हाती जाणारी गोळी चालू असेल तर खाण्याआधी डॉक्टरांना विचारा. गोळी सकाळी नि पपनस संध्याकाळी, ही युक्ती चालत नाही, कारण आतड्याला नवं एन्झाइम बनवायला दोन-तीन दिवस लागतात.